हे सडते का?

अनुजा हेडाऊ कुठल्याही दुकानात शिरली की भाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारते, "हे सडते का?"

दुकानदार बुचकळ्यात पडतो. गिऱ्हाईक हा प्रश्न काळजीपोटी विचारतं अशी त्याची समजूत असते. म्हणून भाजीवाली शपथेवर सांगते, "नाही वं बाई, आज सकाळचीच आहे." बादल्यांवाला सांगतो, "तुमचे नातू वापरतील, मॅडम." मग अनुजा कुणाच्या घरची वाईट बातमी ऐकल्यासारखा चेहरा करते. भाजी घेते, बादली ठेवून देते. जी वस्तू सडत नाही तिच्यावर तिचा भरवसा नाही. "आपण सडतो, काका. लाकूड सडते, कापूस सडते, राजे-महाराजे सडले. मग या बादलीनंच असं कोणतं पुण्य केलं?"

आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राऊतभाऊ राहतात. त्यांचं गांधीबागेत साड्यांचं ठोक दुकान आहे. अनुजा नवीन राहायला आली तेव्हा शेजारधर्म म्हणून त्यांनी तिला दुकानात बोलावलं, गादीवर बसवलं, चहा मागवला आणि तिच्या आवडीच्या काळ्या रंगातली एक चमचमती साडी पुढ्यात उलगडली.

"हे सडते का?"

राऊतभाऊ अभिमानानं म्हणाले, "बाई, तुम्ही संपाल, पण ही साडी संपणार नाही."

अनुजानं साडीवरून हात फिरवला, घडी जशीच्या तशी घालून दिली आणि म्हणाली, "मग हिले शेवटी पोचवंल कोण?" चहा पिऊन ती निघून आली. तेव्हापासून राऊतभाऊंच्या मनात तिच्याविषयी जी अढी बसली ती बसलीच.

आमची बिल्डिंग नागपूरच्या महाल भागात, आठ फ्लॅटांची. सोसायटीचा सेक्रेटरी मी. दर वर्षी निवडणूक होते आणि दर वर्षी दुसरं कुणी उभं राहत नाही. नोकरी जलसंपदा खात्यात. धरणात किती पाणी आलं, किती सोडलं आणि किती उन्हानं उडून गेलं याचे आकडे मांडणं हे माझं काम. त्यामुळे माणसाविषयी मत बनवायच्या आधी मी त्याचा वापर किती ते पाहतो. अनुजाविषयी माझं मत आधी मीटरनं बनवलं, हे मोकळेपणानं सांगतो.

ती आली ती दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर दुपारी. एका ई-रिक्षात तिचं सगळं सामान मावलं होतं : दोन लोखंडी पेट्या, एक स्टूल आणि बरीच मडकी. ती स्वतः पायाच्या बोटापासून गळ्यापर्यंत काळ्या कपड्यांत, ओठ काळे, नखं काळी, डोळ्यांभोवती बोटभर काजळ आणि डोक्यावर काळी छत्री. दुसऱ्या मजल्यावरच्या घोरमाडे काकूंनी गॅलरीतून खाली पाहिलं आणि माझ्या बायकोला हाक मारली, "मंदे, आपल्यातलं कोणी गेलं का वं?"

"कोणी नाही गेलं, काकू. भाडेकरू आली."

"हे अशी?"

"अशीच."

काकूंनी थोडा वेळ पाहिलं. "पंचेचाळीस डिग्रीत ही पोरगी काळं घालून राहिली. एक तं ही भूत असंल, नाही तं हुशार असंल."

दोन-चार दिवसांनी मी तिला जिन्यात गाठून सरळ विचारलं, की हा काय प्रकार आहे. ती म्हणाली, "मी गॉथ आहे, काका." मी तिला जात विचारली नव्हती, त्यामुळे मी जरा ओशाळलो. मग तिनं समजावून सांगितलं. काळे कपडे, उदास गाणी, जुनी थडगी, वटवाघळं, ओसाड वास्तू यांत ज्यांचं मन रमतं त्या मंडळींना गॉथ म्हणतात. हा पंथ विलायतेत निघाला.

"नागपुरात किती आहात?"

"चौघं होतो. एक पुण्याले गेला. एकीचं लग्न झालं."

म्हणजे पन्नास टक्के गळती. आमच्या खात्यातल्या कालव्यांचा आकडा याहून फार वेगळा नाही, असं मी तिला म्हणालो. ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. काळ्या ओठांतून पांढरे दात एकदम दिसले की माणूस दचकतो, पण सवय होते.

तिच्या पंथातल्या इतरांशी तिचं एका बाबतीत पटत नाही. "मरणावर एवढं प्रेम आणि अंगात नायलॉन," ती चिडून म्हणते. "मरण म्हणजे काय, मातीत मिसळणं. ज्याले मातीत मिसळता येत नाही, त्यानं काळं घालून मिरवायचं काहून?" म्हणून तिचं सगळं काळं घरचं. जुने सुती कपडे आणून ती स्वतः रंगवते. काजळ ती एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून धरते. माझी बायको पहिल्या महिन्यात तिला घाबरायची. दुसऱ्या महिन्यात तिच्याकडून काजळाची डबी घेऊन आली आणि आता बाजारचं काजळ घरात येत नाही. ओठांचा रंग म्हणजे मेण, खोबरेल आणि करवंटीचा कोळसा. मी एकदा गमतीनं म्हणालो, "तू उमरेडची. तिथे खाणी आहेत, कोळसा तर तुमच्या दारात." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. गळ्यात काळ्याभोर चकचकीत मण्यांची माळ असते. मला तो महागाचा दगड वाटला होता. त्या रिठ्याच्या बिया निघाल्या. सालानं कपडे धुवायचे आणि बी ओवून गळ्यात घालायची.

कचरागाडीवाला बरेच दिवस तिचा फ्लॅट रिकामा आहे असं समजत होता, कारण तिथून कधी काही खाली येतच नव्हतं. शेवटी त्यानं मला विचारलं, "साहेब, वरती कोणी राहते का?" मी तपासायला गेलो. अनुजा म्हणाली, "या ना काका, स्मशान दाखवते." मी उंबऱ्यावरच थांबलो. स्मशान म्हणजे गॅलरीत एकावर एक ठेवलेली, बुडाला भोकं पाडलेली तीन मडकी. वरच्यात आजच्या साली, मधल्यात मागच्या महिन्याच्या, खालच्यात काळी भुसभुशीत माती. टरबुजाच्या सालीवर तिनं मूठभर सुकी पानं टाकली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "जा बाई सुखानं." मी हसलो. ती हसली नाही. खालच्या मडक्यातली माती तिनं माझ्या हातावर ठेवली. वास पहिल्या नांगरटीच्या शेताचा. आमच्या बिल्डिंगची तुळस त्या मातीवर माझ्या खांद्याला लागली आहे.

विजेचं तर विचारूच नका. हिवाळ्यात आमच्या घरी दीडशे युनिट पडतात, तिच्याकडे एकोणीस. मीटर तपासणारा दोनदा येऊन पाहून गेला, कुठे तार तर ओढली नाही ना. अनुजा त्याला म्हणाली, "भाऊ, अंधाराले बिल नाही येत." उन्हाळ्यात आम्ही सगळे कूलर लावतो. एक कूलर दिवसाला किती पाणी पितो ते मी मोजलेलं आहे; ते मी घरात सांगितलं तेव्हा मंदा म्हणाली, आकडा ठेवा बाजूला आणि बटन दाबा. अनुजाकडे कूलर नाही. ती खिडक्यांना ओल्या चादरी लावते, चादरीसुद्धा काळ्या, आणि उन्हं उतरेपर्यंत बाहेर पडत नाही. सैल काळं सुती कापड अंगापासून सुटं राहिलं की हवा खेळते, हे तिनं मला समजावलं. मला ते पटलं. घालायची हिंमत मात्र झाली नाही.

तिचा धंदा ऐकलात तर तुम्हीही माझ्यासारखेच चाट पडाल. सीताबर्डीवर एका लॅबमध्ये ती दातांच्या कवळ्या बनवते. कधी काम घरी आणते, मग टेबलावर दातांच्या रांगा मांडलेल्या असतात. मी एकदा पेचात पकडल्यासारखं विचारलं, "का गं, कवळी सडते का?"

"नाही सडत," ती म्हणाली. "पण काका, म्हाताऱ्या माणसाले भाकर चावता आली पायजे ना."

त्याच दिवशी जिन्यात आम्हा दोघांना राऊतभाऊ भेटले, कुणावर तरी चिडून बोलत होते. ते पुढे गेल्यावर अनुजा हळूच म्हणाली, "त्यायच्या स मध्ये शिटी वाजते, आयकलं? ती कवळी माझ्या हातची आहे. वरचा दात जरासा घासायले पायजे. पण मी कशी सांगू?" तिनं त्यांना कधी सांगितलं नाही. मलाही सांगू नका म्हणाली. राऊतभाऊ हे वाचत नाहीत, म्हणून लिहितो.

आता मडक्याची गोष्ट.

गेल्या डिसेंबरात घोरमाडे काकू गच्चीवर गाद्यांना ऊन द्यायला गेल्या. पाण्याच्या टाकीमागे त्यांना एक मडकं दिसलं. मडक्याच्या तोंडाला काळं फडकं बांधलेलं. मडक्यावर खडूनं काढलेली कवटी. काकूंनी काठीनं फडकं बाजूला केलं. आत गंजके खिळे, घोड्याची मोडकी नाल, वर पिवळा फेस, आणि फेसातून बुडबुडे येत होते. वास असा की काकू गाद्या तिथेच टाकून खाली आल्या.

अर्ध्या तासात सगळी बिल्डिंग माझ्या दारात. पुढे राऊतभाऊ.

"करणी आहे, सेक्रेटरीसाहेब. सरळसरळ करणी. खिळे, नाल, काळं फडकं. आणखी काय पुरावा पायजे?"

"कुणावर करणी?" मी विचारलं.

"ते तिले माहीत. माझा धंदा दिवाळीपासून बसला आहे."

"सगळ्यांचाच बसला आहे."

"जादूटोण्याचा कायदा आहे आता. मी पोलिसात जाईन."

काकू घाबरल्या होत्या, पण त्यांना राऊतभाऊंची घाई आवडली नाही. "थांब गा जरा," त्या म्हणाल्या. "पोरीले इचारा तं आधी." मात्र त्यांच्या कडेवर त्यांची नात चिऊ होती आणि पदराचं टोक त्यांनी तिच्या डोक्यावर ओढून घेतलं होतं.

राऊतभाऊंनी तिथूनच फ्लॅटच्या मालकाला फोन लावला. मालक पुण्याला असतात. त्यांनी फोन मला द्यायला सांगितला. "तुम्ही काय म्हणाल तसं करू," ते म्हणाले. "पण लोकांची तक्रार असली तर मी या महिन्याअखेर तिला खाली करायला सांगतो. मला लांबून कटकट नको." मी म्हणालो, रविवारी गच्चीवर मीटिंग घेतो आणि कळवतो.

संध्याकाळी मी वर गेलो. अनुजाला सगळं कळलं होतं. काजळ पुसलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काजळ नसलं की ती अगदीच लहान दिसते.

"ते रंगाचं मडकं आहे, काका. गंजकं लोखंड, गूळ आणि पाणी. उन्हात ठेवून सडवायचं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग याच्यात बुडवायचं. काळं होते. आमच्याकडे म्हाताऱ्या असंच रंगवत होत्या. मी काही नवीन नाही केलं."

"आणि कवटी?"

"पोरं पतंगं उडवायले येतात ना गच्चीवर. कोणी हात घालू नये म्हणून काढली." ती थांबली. "मले वाटलं, कवटी पाहून लोक समजतील."

"समजले," मी म्हणालो.

तिनं डोकं धरलं. धोक्याची खूण म्हणून कवटी काढायची आणि तीसुद्धा दारातल्या रांगोळीसारखी सुबक काढायची, हे फक्त तिलाच सुचू शकतं. कवटीच्या कानाशी तिनं एक फूलही काढलं होतं.

मी तिला म्हणालो, लोकांसमोर करून दाखव. एखादं कापड आण, बुडव, विषय संपला. ती तयार होईना. हिरड्यात भिजवलेलं, वाळवलेलं कापड लागतं, ते एका दिवसात होत नाही. "एक तयार आहे," ती म्हणाली, "पण ते नाही आणत."

"का?"

"ते दुसऱ्या कामाचं आहे."

"अनुजा, मालक घर खाली करायला सांगणार आहेत."

"माहीत आहे." ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "तुम्हाले सांगते काका, एकट्या मुलीले कोणी घर देत नाही. त्यात मी अशी. या घराच्या आधी मी किती ठिकाणी 'नाही' ऐकलं ते मी मोजणंच सोडलं. इथून गेली तर नागपुरात जागा नाही मले. आणि उमरेडले तं नाहीच नाही."

उमरेडला का नाही, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

रविवारी दुपारी गच्चीवर सतरंजी टाकली. आठही घरांतून माणसं आली, एरवी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला तीन येतात. ऊन छान होतं. सगळीकडे पतंग होते. घोरमाडे काकू चिऊला घेऊन मध्यभागी बसल्या. मडकं मी स्वतः उचलून समोर आणून ठेवलं, तसे लोक सतरंजीच्या मागच्या कडेला सरकले.

राऊतभाऊंनी सुरुवात केली. संस्कृती, संस्कार, संसारी माणसांची सोसायटी, असं ते बोलत होते आणि प्रत्येक स ला शिटी वाजत होती. अनुजा कठड्याला टेकून उभी होती. तिच्या हातचे दात तोंडात घेऊन माणूस तिच्याविरुद्ध बोलत होता, आणि ती त्यांच्या वरच्या दाताकडे अशा नजरेनं पाहत होती की तिला कानस घेऊन उठावंसं वाटत असावं.

मी रंगाचं सांगितलं, गंजकं लोखंड, गूळ, हिरड्यात भिजवलेलं कापड, सगळं. कुणाला पटलं नाही.

"रंग असंल तं दाखवा करून," राऊतभाऊ म्हणाले. "आमच्या दुकानात रंगाचे हजार नमुने आहेत. खिळ्याचा रंग मी नाही पाह्यला कधी."

सगळ्यांनी अनुजाकडे पाहिलं. ती हलली नाही. मग जिना उतरून गेली. मला वाटलं, ती पेट्या भरायलाच गेली. पाचेक मिनिटांनी ती परत आली. मुठीत एक चुरगळलेलं पिवळट कापड होतं, ती मूठ तिनं पोटाशी धरली होती. ती मडक्यापाशी बसली, फेस बाजूला सारला आणि कापड मुठीतच ठेवून हात कोपरापर्यंत आत घातला.

हात बाहेर आला तेव्हा पिवळट कापड करडं झालेलं होतं. तिनं ते हवेत धरलं तसं आमच्या देखत ते काळं होत गेलं, कुणीतरी आतून शाई सोडावी तसं.

राऊतभाऊ उठून उभे राहिले. "पाहा. पाहा. झाली ना करणी."

दोन-तीन जण जिन्याकडे निघाले. मी रसायनशास्त्र सांगायला सुरुवात केली, पण ते मला पूर्ण येत नव्हतं आणि कुणी ऐकतही नव्हतं. तेवढ्यात घोरमाडे काकू गुडघे धरत उठल्या, मडक्यापाशी आल्या आणि वाकून त्यांनी नाक पुढे केलं.

"कापड हिरड्यात भिजवलं होतं ना तू?"

"हो काकू."

"तुरट असते तो." काकू आमच्याकडे वळल्या. "बसा गा सगळे. काही करणी नाही न फिरणी नाही. लोखंडी कढईत आवळा टाकला का काय होते? काळाकुट्ट होते का नाही? माझ्या सासूनं मले त्याच्यावरून घराबाहेर काढलं होतं, नव्या नवरीनं मोरावळा नासवला म्हणून. हे तेच हाय. आवळ्याच्या जागी हिरडा, न कढईच्या जागी खिळे."

बायकांमध्ये एकदम बोलणं सुरू झालं. मंदानं सांगितलं की तिची केळफुलाची भाजी अशीच झाली होती. कुणाचं तरी डाळिंब, कुणाची तरी विळीवर चिरलेली कच्ची केळी. पाच मिनिटांत करणीचं स्वयंपाकघर झालं. राऊतभाऊ बसले. मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला असावा, ते पुढे सरकून म्हणाले, "रंग पक्का आहे का? दाखवा जरा."

अनुजानं कापड मागे घेतलं. पण ते ओलं होतं, जड होतं, आणि आपोआप उलगडलं. दोन इवल्या बाह्या खाली लोंबल्या.

ते झबलं होतं.

"हे कोणाचं आहे वं?" काकूंनी विचारलं.

"बोरन्हाणाचं," ती म्हणाली.

संक्रांतीला लहान मुलांना काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे ओततात. ते सगळ्यांना माहीत होतं. कुणाचं बोरन्हाण, ते माहीत नव्हतं.

"भावाच्या पोरीचं," अनुजा म्हणाली. "उमरेडले. ओवी नाव आहे तिचं." मग बोलायला लागलीच आहे तर संपवून टाकावं अशा घाईनं ती पुढे म्हणाली, "भावाच्या लग्नात मी काळं घालून गेली. आई म्हणाली होती, एक दिवस हिरवं घाल. मी आडमुठी. काळंच घातलं. वहिनीकडच्या लोकायनं बोल लावला, मग भाऊ म्हणाला, तू आता घरी येऊ नको. बाजारातल्या काळ्या झबल्याचा रंग पोरायच्या अंगाले खाजते, म्हणून मी घरचं रंगवते. कापड बाबाच्या धोतराचं आहे. मऊ आहे. दरवर्षी एक शिवते."

"अन् पाठवते?"

"नाही. पाठवलं नाही कधी."

शेजारच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग कटला, तिकडे आरडाओरडा झाला. काकूंनी झबलं तिच्या हातातून घेतलं, हवेत धरून पाहिलं. मंदानंही पाहिलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला काय झालं ते कळलं नाही, बायकांना लगेच कळलं होतं.

"पोरगी केवढी हाय?" काकूंनी विचारलं.

"संक्रांतीले तीन वर्षं होतील."

"मंग हे तिच्या डोक्यातून जाईल का वं, बाई? हे तं सहा महिन्याच्या लेकराचं झालं." काकूंचा आवाज उतरला. "तू पाह्यलं नाही का तिले?"

"बारशाचा फोटो पाह्यला होता," अनुजा म्हणाली. "त्याच्यावरून अंदाज केला. थोडं मोठंच शिवलं होतं मी."

राऊतभाऊंनी घसा खाकरला. ते पतंगांकडे पाहत होते. "मंगळवारी माझा माल उमरेडले जाऊन राहिला," ते म्हणाले. "पोरगा विश्वासाचा आहे. घरपोच करंल. कोणाचं आहे ते सांगणार नाही, महालातून आलं एवढंच सांगंल." थोड्या वेळानं त्यांनी जोडलं, "सांगायचं असंल तं सांगंलही."

"तं आता नवीन शिवा लागंल," काकू म्हणाल्या. "धोतर उरलं आहे का?"

"आहे."

"चिऊ, इकडे ये. ही पण तीनचीच हाय. घे हिचं माप."

"मी?"

"मंग का मी घेऊ? शिवणार कोण आहे?"

"काकू, माझे हात काळे आहेत."

"असू दे. पोरगी काही कागद नाही."

माझा फोन वाजला. पुण्याहून मालक. मतदान झालेलं नव्हतं, ठराव मांडलेला नव्हता, कुणी सूचक नव्हता आणि कुणी अनुमोदक नव्हता. मी म्हणालो, "ती राहते आहे," आणि फोन ठेवला.

चिऊ जाऊन अनुजापुढे पाठमोरी उभी राहिली, पतंग दिसावेत म्हणून मान वर करून. अनुजा गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात तिनं घागऱ्याला पुसले, उलटे केले, परत पुसले. मग चिऊच्या मानेखाली अंगठा टेकवला आणि वीत ताणून पाठीवरून खाली नेली. एक वीत. तिथून करंगळी उचलून पुढची अर्धी. काकूंनी विचारलं, "किती?" माप घेऊन झालं होतं. तिचा हात चिऊच्या पाठीवर तसाच होता, बोटं पसरलेली, जराही न दाबता, आणि चिऊ पतंगांकडे पाहत उभी होती. काकूंनी परत विचारलं नाही.